अभ्यासिकेच्या दारावरचा स्क्विड : सहा महिन्यांचा अनुभव

खानापुरातील आमच्या अभ्यासिकेत बारा संगणक आहेत आणि त्यांवर बसणारी बहुतेक मुले कर्नाटक व महाराष्ट्र अशा दोन्हीकडच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. जुलैच्या झडीत संध्याकाळभर अभ्यास कमी आणि ऑनलाइन खेळ जास्त होऊ लागले, तेव्हा अडगळीतल्या एका संगणकावर लिनक्स घालून मी स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे सर्व संगणकांची इंटरनेटवरची ये-जा मधे उभा राहून तपासणारा दारवान, बसवला. १९९६ पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर मुक्त आणि विनामूल्य आहे, ही वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला लहान गोष्ट नव्हे.

खेळांची संकेतस्थळे नावाने अडवली की आठवड्याभरात तेच खेळ नव्या नावाने हजर होत. म्हणून नाव सोडून आयपी पत्त्यांचा, म्हणजे इंटरनेटवरील संगणकांच्या आकडी पत्त्यांचा, सबंध पट्टाच अडवायचे ठरवले. स्क्विडमध्ये हे काम दोन ओळींचे आहे : एका ओळीत पट्ट्याची व्याख्या, दुसरीत त्याला मनाई. मी ओळी लिहिल्या, स्क्विडला नवे नियम वाचायला लावले, आणि खेळ पूर्ववत चालू राहिले. दोन संध्याकाळी डोके खाजवल्यावर लक्षात आले की स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबतो. माझी मनाई ‘आतल्या सर्व संगणकांना परवानगी’ या ओळीच्या खाली होती. ती वर नेताच स्क्विडच्या नोंदवहीत टीसीपी_डिनाइड/४०३, म्हणजे ‘मनाई केली’, अशा ओळींची रांग लागली. दोष सर्वस्वी माझा होता, पण नियम चुकीच्या जागी आहे याची सूचना सॉफ्टवेअरही देत नाही.

पट्टा लिहिताना हात जपून चालवावा. पट्टा म्हणजे एक पत्ता, तिरपी रेघ आणि तिच्यापुढे पट्ट्याची लांबी ठरवणारा आकडा; तिथे २४ लिहिले तर २५६ पत्ते अडतात, १६ लिहिले तर ६५,५३६. शिवाय एकाच पट्ट्यात अनेकांची बिऱ्हाडे असतात. आमच्याकडे एका खेळाबरोबर भरतीच्या अर्जाचे पानही बंद झाले आणि तेही शेवटच्या तारखेला. मनाईच्या वर त्या संकेतस्थळापुरती परवानगीची ओळ घातल्यावर अर्ज भरला गेला.

मला विशेष आवडलेली सोय म्हणजे मनाईचे पान आपल्याला हवे तसे लिहिता येते. आमचे पान मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे नेट बंद पडल्याची तक्रार घेऊन कोणी टेबलाशी येत नाही.

केवळ स्क्विड बसवून मात्र भागत नाही. ब्राउझरमधील प्रॉक्सीची खूण काढली की थेट बाहेर जाता येते, हे एका मुलाने तिसऱ्याच दिवशी शोधून काढले. मग राउटरवर प्रॉक्सीच्या संगणकाखेरीज इतरांची बाहेरची वाट बंद करावी लागली. मजकुराच्या फाइलीत हाताने नियम लिहिण्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी जाणकार सोबत घेऊनच यात पडावे. खिशातल्या मोबाइल डेटापुढे तर स्क्विडचे काहीच चालत नाही; त्यासाठी आम्ही दाराशी लाकडी खण ठेवला आहे.