दोन टेपयंत्रं, एक गिटार : फ्रिप-ईनो यांचा ‘लाइव्ह इन पॅरिस’

आमच्या रामबागेतल्या घरी बाबांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. इंदुरातल्या गणेशोत्सवातली गाणी ते त्यावर उतरवून घेत, आणि तुटलेली टेप तिरकी कापून जोडायचं काम माझं. त्यामुळे भाच्याने गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि टेप-यंत्रांतून आवाज घडवणारा ब्रायन ईनो यांचा ‘लाइव्ह इन पॅरिस’ हा तीन सीडींचा संच हातात ठेवला, तेव्हा माझा कान गिटारच्या आधी टेपकडे गेला.

कार्यक्रम २८ मे १९७५ चा, पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातला. फ्रिपने आदल्याच वर्षी आपला किंग क्रिमसन हा रॉक बँड बंद केला होता, ईनो १९७३ मध्ये रॉक्सी म्युझिक या बँडमधून बाहेर पडला होता. लोकांना त्या बँडांमधलं ओळखीचं काहीतरी हवं होतं. समोर मात्र ना ड्रम, ना गायक. एक गिटार, ईनोची यंत्रं, आणि मागच्या पडद्यावर माल्कम ल ग्रीसच्या फिल्ममधला गोल गोल धावणारा घोडा. लोक चिडले, शिट्ट्या घालू लागले. पुढे या रात्रीच्या चोरट्या प्रती ‘एअर स्ट्रक्चर्स’ नावाने वर्षानुवर्षं फिरत राहिल्या; नीट दुरुस्त केलेला हा संच २०१४ मध्ये आला.

या वादनाची सगळी गंमत टेपच्या वाटेत आहे. दोन यंत्रं शेजारी ठेवायची. पहिलं गिटार टिपून घेतं, तीच टेप पुढे दुसऱ्या यंत्रात शिरते आणि तिथे वाजते. तो आवाज पुन्हा पहिल्यात सोडायचा. सेकंदाला साडेसात इंच टेप सरकत असेल आणि दोन्ही यंत्रांच्या हेडमध्ये, म्हणजे टेपवर आवाज उतरवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागांमध्ये, साडेतीन फूट अंतर असेल, तर वाजवलेलं साधारण साडेपाच सेकंदांनी परत येतं, मग पुन्हा येतं, दर फेरीला थोडं पुसट होत. खाँसाहेबांच्या मागे बसलेला शिष्य त्यांचीच जागा हळूच म्हणतो, तसं. फरक इतकाच की शिष्य चूक सावरून घेतो, टेप नाही. बेसूर लागलं तर तेही फिरून समोर येणार. म्हणून फ्रिप एक स्वर लावून थांबतो, तो परत येईपर्यंत वाट पाहतो, मग त्याच्या शेजारी दुसरा ठेवतो. हॉलभर नाराजी असताना इतकं थांबायचं, याला छाती लागते.

अमीर खाँसाहेबांचा झूमरा ऐकत मोठी झाले असल्याने मला हा संथपणा जड गेला नाही. चौदा मात्रांचं आवर्तन संपायची घाई आमच्या घरात कुणालाच नसे. पण तिथे सम येते आणि श्वास सुटतो. इथे सम नाही, आणि पहिल्यांदा ऐकताना तीच वाट पाहत मी दमले. दुसऱ्या खेपेला वाट पाहणं सोडलं, तेव्हा गिटारचा तो लांब, सारंगीच्या गजासारखा ओढलेला स्वर कुठून सुरू झाला आणि टेपमध्ये कुठे मिसळला, ते कळेनासं झालं. ती जागा मला फार आवडली.

दुसऱ्या सीडीत मात्र काही ठिकाणी आवाज इतका दाटतो की थराखालचा थर गुदमरतो. स्टुडिओची सफाई हवी असेल त्यांनी आधी याच जोडीचा त्या वर्षअखेरचा ‘इव्हनिंग स्टार’ ऐकावा.

तिसऱ्या सीडीवर नुसत्या लूप्स आहेत, म्हणजे टेपवर आधीच तयार केलेले, फिरून फिरून येणारे आवाज; त्यावर वाजवणारा फ्रिप नाही. भाचा म्हणाला, ही टाकून दे. मी तीच सर्वांत जास्त ऐकली आहे. ईनोचं ‘डिस्क्रीट म्युझिक’ हे ध्वनिमुद्रणसुद्धा मुळात फ्रिपने कार्यक्रमात त्यावर वाजवावं म्हणून तयार झालं होतं. या लूप्स ऐकल्या की वादकापुढे किती कमी सामान होतं ते दिसतं, आणि पहिल्या सीडीकडे परत गेल्यावर तो केव्हा शिरतो आणि केव्हा मुद्दाम गप्प बसतो, ते नेमकं पकडता येतं.

हेडफोनवर ऐकू नका. दोन स्पीकर लांब लांब ठेवा, पंखा बंद करा. मी दुपारी, गल्ली निजलेली असताना लावते, आणि तिसऱ्या सीडीपासून सुरुवात करते.