प्रॅक्टिकल अकाऊंटिंगचा ऑनलाइन कोर्स: तीन वर्षं नोकरी केल्यावर लिहिलेला रिव्ह्यू

कोर्स संपला त्या आठवड्यात रिव्ह्यू द्या म्हणून त्यांचा मेल आला होता, तेव्हा मी नुसते पाच स्टार देऊन मोकळी झाले. आता अकाऊंट्समध्ये तीन वर्षं काम करून झालीत, पहिलं दीड वर्ष पेयेबल्सला (व्हेंडरना द्यायचे पैसे), मग रिसिव्हेबल्स (ग्राहकांकडून यायचे पैसे), आणि पुढच्या महिन्यापासून क्लोजिंगच्या, म्हणजे महिन्याचे-वर्षाचे हिशोब बंद करणाऱ्या टीमला, त्यामुळे त्या कोर्समधलं काय रोज वापरते आणि काय कधीच लागलं नाही हे आता नीट सांगता येईल. कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. पण या धाटणीचे बरेच कोर्स मिळतात, कुठलाही घेत असाल तरी यातलं बघून घ्या.

आधी माझी परिस्थिती. डिग्री कॉमर्सचीच, जर्नल, खतावणी, ताळेबंद सगळं परीक्षेत लिहून आलेली. पहिल्याच इंटरव्ह्यूत विचारलं की बँक बुकातला बॅलन्स आणि बँकेच्या स्टेटमेंटचा बॅलन्स जुळत नाहीये, कुठून सुरुवात करशील? मला कारणं पाठ होती हो, न वटलेले चेक, बँक चार्जेस, परस्पर जमा झालेले पैसे, सगळं धडाधड सांगितलं, पण मग त्यांनी खरं स्टेटमेंट पुढे सरकवलं आणि म्हणाले दाखव, तेव्हा हात कुठे घालायचा तेच कळेना. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी हा कोर्स घेतला.

सहा महिन्यांचा कोर्स आहे. रेकॉर्डेड व्हिडिओ, आठवड्यातून एकदा लाइव्ह डाऊट सेशन, आणि एक प्रॅक्टिस फाइल. या फाइलसाठीच मी हा रिव्ह्यू लिहितेय खरं तर. एक काल्पनिक ट्रेडिंग कंपनी आणि तिचे बारा महिन्यांचे कागद: खरेदीची बिलं, विक्रीची बिलं, बँक स्टेटमेंट, पगारपत्रक, पेटी कॅशच्या (किरकोळ रोख खर्चाच्या) पावत्या. आणि हे कागद स्वच्छ नाहीत. स्कॅन वाकडे, एक बिल दोनदा आलेलं, एक बिल आलेलंच नाही पण पैसे गेलेले, एका पावतीवर तारीखच नाही. कॉलेजच्या गणितात सगळी माहिती प्रश्नातच दिलेली असते, इथे अर्धी माहिती शोधावी लागते, आणि नोकरीत अगदी अस्संच असतं.

फाइलमधल्या तिसऱ्या महिन्याच्या बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे बँक बुक आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवताना, माझा ५४० चा डिफरन्स निघाला. तीन संध्याकाळी मी तो शोधत बसले होते, एकेक ओळ टिक करत. शेवटी डाऊट सेशनला विचारलं तर शिकवणाऱ्या मॅडमनी उत्तर सांगितलंच नाही, म्हणाल्या आधी दोनाने भाग. २७० ची एखादी एंट्री उलट्या बाजूला पडली असेल, म्हणजे जमेच्या जागी नावे, तर फरक दुप्पट दिसतो. २७० शोधले, नव्हते. मग म्हणाल्या नवाने भाग. ६० आले, पूर्ण भाग गेला. नवाने पूर्ण भाग गेला तर आकडे उलटसुलट झाल्याची दाट शक्यता असते, आणि भागाकार ६० आला म्हणजे शतक आणि दशक स्थानचे आकडे बदललेत आणि त्या दोन आकड्यांमधला फरक ६ आहे. पाच मिनिटांत सापडलं, २७१० चं पेमेंट मी २१७० लिहिलं होतं. हे आजही वापरते, महिन्यातून एकदा तरी.

याच ठिकाणी त्यांनी अजून एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. सॉफ्टवेअरमध्ये ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाक्यांची यादी) जवळजवळ नेहमी जुळतोच, कारण एका बाजूची एंट्री ते घेतच नाही. माझे २१७० दोन्ही बाजूंना २१७० च पडले होते, ट्रायल बॅलन्स जुळलेला, आणि तरी हिशोब चुकीचा. म्हणून ट्रायल बॅलन्स टॅली झाला की संपलं असं वाटणाऱ्यांनी (मीही त्यातलीच होते) बाहेरच्या कागदाशी, म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटशी, व्हेंडरच्या स्टेटमेंटशी, प्रत्यक्ष मोजलेल्या मालाशी जुळवायची सवय लावून घ्यायला हवी.

मॅडमचा एक प्रश्न ठरलेला असायचा, कागद कुठाय? कुठलीही एंट्री दाखवली की पहिला प्रश्न हाच. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग त्यांनी खर्च आणि मालमत्ता यातला फरक शिकवताना वर्ल्डकॉमचं प्रकरण घेतलं. अमेरिकेतली टेलिकॉम कंपनी, दुसऱ्यांच्या लाइनी वापरायचे पैसे द्यायची, तो सरळसरळ चालू खर्च, पण त्यातला मोठा भाग उचलून मालमत्तेत टाकला, त्यामुळे खर्च कमी आणि नफा फुगलेला दिसला. २००२ मध्ये कंपनीच्याच इंटर्नल ऑडिटच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या टीमने ते शोधलं, आणि पहिल्यांदा जाहीर झाला तो आकडाच ३.८ अब्ज डॉलरच्या वर होता. त्या एंट्र्यांच्या मागे आधाराचे कागद नव्हते. कूपर यांच्या टीमनेही हेच विचारलं होतं, कागद कुठाय. त्यानंतर मला कधी त्या प्रश्नाचा कंटाळा आला नाही.

अॅक्रुअल आणि प्रीपेडचा (खर्च झाला पण बिल आलं नाही, किंवा पैसे आधीच भरले) भाग पण चांगलाय. डिसेंबरमध्ये माल आला, बिल जानेवारीत आलं, तर खर्च आणि देणं कुठल्या महिन्याचं, असे दहा-बारा कागद वर्षाच्या शेवटच्या महिन्यात मुद्दाम पेरलेत. इन्शुरन्सचा एक आहे, १ ऑक्टोबरला वर्षभराचे १२,००० भरले, वर्ष ३१ डिसेंबरला संपतंय, तर ३,००० खर्चात आणि ९,००० पुढच्या वर्षाचे म्हणून मालमत्तेत. कागदावर सोपं दिसतं, पण शंभर बिलांच्या ढिगात हे बिल वर्षभराचंय हे डोळ्याला दिसायला सराव लागतो, आणि तो इथे होतो.

इतिहासावर एक मोठ्ठं सेशन आहे, लुका पाचोली, १४९४, व्हेनिसमध्ये छापलेलं पुस्तक, व्यापारी आधीपासून वापरत असलेली दुहेरी नोंद त्याने लिहून काढली वगैरे. मला आवडलं, पण एक तास नको होता.

आता तक्रारी.

पहिली म्हणजे जुने व्हिडिओ. लीजचा, म्हणजे भाडेकराराचा धडा आयएएस १७ या जुन्या आंतरराष्ट्रीय अकाऊंटिंग स्टँडर्डवर शिकवलेला होता, म्हणजे ऑपरेटिंग लीज असेल तर भाडं खर्चात टाका आणि सोडून द्या. त्याच्या जागी आलेलं आयएफआरएस १६ तर १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे, अगदी कमी मुदतीचे आणि किरकोळ किमतीचे सोडले तर भाडेकरूला जवळपास सगळे लीज ताळेबंदात घ्यावे लागतात, वापराचा हक्क मालमत्तेत आणि पुढची भाडी देणं म्हणून. मी जुनंच शिकून एका इंटरव्ह्यूत आत्मविश्वासाने सांगितलं आणि समोरच्या बाईंनी अगदी शांतपणे दुरुस्त केलं. मी सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं की टीमला कळवलंय. चार महिन्यांनी व्हिडिओ बदलला, पण मधल्या काळात ज्यांनी बघितला त्यांना कोणी कळवलं नाही, हे मला अजून पटत नाही. विद्यार्थी तुमच्या भरवशावर इंटरव्ह्यूला जातात. कोर्स घ्यायच्या आधी व्हिडिओची तारीख विचारा, आणि कुठल्या स्टँडर्डप्रमाणे शिकवता तेही विचारा.

दुसरी तक्रार मोठी आहे. पेयेबल्सवर फक्त दोन व्हिडिओ. आणि सुरुवात करणाऱ्या कितीतरी जणांना पहिली नोकरी तिथेच मिळते! पहिलं वर्ष मी दिवसभर थ्री-वे मॅच केलं, म्हणजे ऑर्डर काय दिली होती, माल किती आला, बिल किती लावलं, तिन्ही जुळलं तर पेमेंट. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण कंपनी कशी चालते हे मला तिथे कळलं, कोण काय विकत घेतं, कोण उशिरा सांगतं, कुठला व्हेंडर दर महिन्याला थोडं जास्त लावतो. कोर्समध्ये यातलं काही नाही. व्हेंडरचा बँक अकाऊंट बदलल्याचा मेल आला तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन न करता आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करून खात्री करायची, हे मला सीनियरने सांगितलं. व्हेंडर सिस्टिममध्ये उघडणारा आणि पेमेंट करणारा एकच माणूस नसावा, हे कोर्सच्या नोट्समध्ये एका ओळीत आहे, खरं तर त्यावर आख्खा आठवडा द्यायला हवा.

माझ्या हातून तिसऱ्याच महिन्यात एक बिल दोनदा गेलं. एकदा बिल नंबर ०४५७ असा टाकलेला, दुसऱ्यांदा ४५७ असा, सिस्टिमला ती दोन वेगळी बिलं वाटली. माझ्या लक्षात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, मी रात्रभर जागी होते आणि सकाळी सीनियरला जाऊन सांगितलं. त्यांनी व्हेंडरला फोन केला, पैसे पुढच्या बिलात वळते झाले, आणि मग बिल नंबर कसा टाकायचा याचा एक नियमच आमच्या टीमने ठरवला. चूक झाली तर लगेच सांगायची, कागद घेऊन सांगायची, हे कोर्समध्ये कुठेही नाही. नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते, त्यामुळे हे असायलाच हवं होतं.

एक्सेलचा भाग ठीक. व्हीलूकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला) शिकवतात, त्याचा नवा प्रकार एक्सलूकअप नाही. सम-इफ्स (अटींप्रमाणे बेरीज) आणि पिव्होट (डेटाचा सारांश) चांगले घेतलेत. पण सिस्टिममधून उतरवलेल्या डेटात आकडे टेक्स्ट म्हणून येतात, नावांच्या पुढे-मागे स्पेस असतात आणि म्हणून काहीच जुळत नाही, हा रोजचा त्रास, तो मी स्वतः धडपडून शिकले. पुढच्या बॅचच्या प्रॅक्टिस फाइलमध्ये असा एक खराब डेटा टाका, एवढी विनंती मी त्यांना लिहून पाठवलीय.

आणि शेवटचा करिअरचा मॉड्यूल. ‘सहा महिन्यांत अकाऊंटंट’ असं जाहिरातीत लिहितात, ते काढून टाकायला हवं. मला कोर्सनंतर पाच महिने लागले पहिली नोकरी लागायला, आणि ती अकाऊंट्स असिस्टंटची. शिवाय त्यांचं सर्टिफिकेट ते एसीसीए, सीपीए या अकाऊंटंटच्या व्यावसायिक परीक्षांच्या ओळीत बसवून दाखवतात, हे मला अजिबात आवडलं नाही. एसीसीएला सध्याच्या रचनेत १३ पेपर आहेत, त्यातले काही आधीच्या शिक्षणावर सुटू शकतात, आणि वर ३६ महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. अमेरिकेतल्या सीपीएचे चार सेक्शन, आयएमए या अमेरिकेतल्या संस्थेच्या सीएमएचे दोन भाग. या परीक्षा वर्षानुवर्षं माणसं नोकरी करून रात्री अभ्यास करून देतात. मी स्वतः आता एक देतेय म्हणून सांगते, सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटची त्याच्याशी तुलनाच होत नाही आणि विद्यार्थ्याला तसं सांगणं चूक आहे. मला एकाही इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट दाखवा म्हणाले नाहीत. पण ज्यांनी मला घेतलं त्यांनी विचारलं की तू कुठला डिफरन्स कसा शोधलास ते सांग, आणि मी ५४० ची गोष्ट सांगितली.

खाली कमेंटमध्ये कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच लिहिते, हो, आता सॉफ्टवेअर बँकेच्या बऱ्याचशा ओळी आपोआप जुळवतं. आमच्याकडेही जुळवतं. न जुळलेल्या ज्या उरतात त्याच माझ्यासमोर येतात, आणि त्या प्रॅक्टिस फाइलमधल्या वाकड्या स्कॅनसारख्याच असतात. कधी आपोआप जुळवलेलीच चुकीची असते, सारख्या रकमेची दोन पेमेंट्स असतील तर हमखास.

कोणी घ्यावा? थिअरी येतेय पण कागद बघितले की गोंधळ होतो त्यांनी नक्की. डेबिट-क्रेडिटच पक्कं नसेल तर आधी ते कुठूनतरी शिकून या, इथे पहिल्या आठवड्यातच पळवतात. आणि आधीच एखाद्या ऑफिसात बसून बँक, पेयेबल्स बघत असाल तर गरज नाही, तेच पैसे आणि वेळ परीक्षेला लावा.

घेतलात तर फाइलची उत्तरं आधी उघडू नका. ती त्याच फोल्डरमध्ये ठेवलीयत, माझ्या बॅचच्या कितीतरी जणांनी फाइलमधल्या तिसऱ्या महिन्यावरच उघडली, आणि मग फाइलमधले पुढचे नऊ महिने नुसते उत्तराशी जुळवत बसले. अडलं तर सेशनला या, तुमचं वर्किंग घेऊन या, ‘येत नाहीये’ एवढंच सांगितलं तर मॅडम पुढे सरकतात पण वर्किंग दाखवलं तर वेळ संपल्यावरही थांबतात.

पाचातले चार. फाइलला अॅक्सेस कायमचा आहे, त्यामुळे क्लोजिंगला जायच्या आधी डिसेंबरचा महिना मी पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलाय, काल ऑक्टोबरच्या इन्शुरन्सपर्यंत आलेय.