अग्निवीरांसाठी इग्नूची पदवी: अर्धे श्रेय सेवेचे, अर्धे कष्ट स्वतःचे

सैन्यात नोकरी करता करता पदवी मिळवण्याचे मार्ग आपल्याकडे पूर्वीही होते. परंतु जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यानंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे इग्नूने, अग्निवीरांसाठी जी तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी आखली, ती या सर्वांत वेगळी आणि बारकाईने पाहण्यासारखी आहे. मी स्वतः सैन्यातील सेवेच्या काळात याच विद्यापीठातून बी.ए. झालो आणि निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात परतल्यावर गावातील आणि नात्यातील मुलांचे प्रवेश, विषयनिवड आणि स्वाध्याय यांत जमेल तसा हात घालतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा, मात्र तो कशासाठी उपयोगी आहे आणि कशासाठी नाही, हे प्रवेशाच्या वेळीच समजून घ्यावे.

पदवीची गरज आता अधिक का वाढली, हे आधी सांगायला हवे. आमच्या पिढीतील मॅट्रिक झालेला जवान पंधरा वर्षे सेवा करून बाहेर पडला, की केंद्र सरकारच्या गट क मधील माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या आणि पदवीची अट असलेल्या जागांसाठी तो पात्र मानला जाई, आणि आजही मानला जातो. त्यामुळे पुष्कळ जवानांनी पदवीचा विचारच केला नाही. सेवेची वर्षे भरली की काम भागत असे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची आहे. प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे नियमित सेवेत घेतले जाणार आहे, आणि उरलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे पंधरा वर्षांच्या सेवेला जी समकक्षता मिळते, ती त्यांच्या वाट्याला येणे शक्यच नाही. एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षी हातात सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी आणि केवळ बारावीचे प्रमाणपत्र घेऊन परतलेल्या मुलाला तलाठ्याच्या परीक्षेलाही बसता येत नाही, कारण तिथे पदवीच लागते.

अभ्यासक्रमाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. पदवीला लागणाऱ्या श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) ५० टक्के श्रेयांक सेवेत मिळालेल्या तांत्रिक आणि अतांत्रिक प्रशिक्षणातून धरले जातात; उरलेले ५० टक्के भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, समाजशास्त्र, गणित, शिक्षणशास्त्र, वाणिज्य, पर्यटन, शेती अशा विषयांतून मिळवायचे असतात. शिवाय पर्यावरण अभ्यास आणि इंग्रजी संवादकौशल्य हे विषय आहेतच. निवडीच्या यादीत ज्योतिषही आहे. चार वर्षांनंतर आपल्याला नियमित सेवेत घेतील की नाही, हे त्यातून कळत असते, तर त्या विषयाला सर्वाधिक गर्दी झाली असती. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी अशी टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची सोय असल्यामुळे मधेच शिक्षण सुटले, तरी झालेले श्रम वाया जात नाहीत.

या पदवीत मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती सेवेतील प्रशिक्षणाला मिळालेला मान. सिग्नल्सचा जवान रेडिओ संच उघडून दुरुस्त करतो, इंजिनिअर्सचा जवान पूल बांधतो, सर्व्हिस कोअरचा जवान डोंगराळ रस्त्यावरून अवजड गाडी नेतो, आणि हे सारे शिकण्यासाठी महिनोन्‌महिने रीतसर वर्ग आणि चाचण्या होतात. आमच्या वेळी या शिक्षणाची नोंद सेवापुस्तकात होई आणि तिथेच राही. विद्यापीठाच्या दृष्टीने आम्ही कोरी पाटी होतो. आता तेच प्रशिक्षण पदवीच्या निम्म्या वजनाचे ठरते. या चौकटीला एआयसीटीई, एनसीव्हीईटी आणि यूजीसी या तिन्ही नियामक संस्थांची मान्यता असल्याचे शिक्षण मंत्रालयाने तेव्हाच जाहीर केले होते, त्यामुळे ‘ही खरी पदवी का?’ या घरच्यांच्या प्रश्नाला ठाम उत्तर देता येते.

खरी कसोटी लागते ती उरलेल्या अर्ध्या भागात. इग्नूचे छापील अभ्याससाहित्य हे या विद्यापीठाचे बलस्थान आहे, याबद्दल दुमत नसावे. लहान लहान घटक, प्रत्येक घटकाच्या शेवटी स्वतःची प्रगती तपासण्याचे प्रश्न आणि शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून केलेली मांडणी यांमुळे एकट्याने वाचणाऱ्याला ते आधार देते. ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर हेच साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे. सुट्टीत घरी आल्यावर ते मोबाइलमध्ये उतरवून घेतले, तर नेटवर्क नसलेल्या चौकीवरही वाचता येते. मी प्रत्येक मुलाला प्रवेशापूर्वी आवडलेल्या विषयाचा एखादा घटक तिथून वाचायला लावतो. तीन पानांनंतर जांभई आली, तर तो विषय घेऊ नये, इतका साधा निकष पुरतो.

स्वाध्यायांच्या बाबतीत मात्र जवानाची पुरती अडचण होते, आणि ती आळसामुळे नव्हे. इग्नूच्या नेहमीच्या पद्धतीत स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. माझ्या पुतण्याने राज्यशास्त्राचा पहिला स्वाध्याय मला दाखवला, तेव्हा संघराज्य व्यवस्थेवरील पाचशे शब्दांच्या प्रश्नाला त्याने सहा ओळींत उत्तर दिले होते: क्रमांक घातलेले, एकही जादा शब्द नसलेले आणि माहितीच्या दृष्टीने जवळपास निर्दोष. युनिटमध्ये त्याला हेच शिकवले होते. रिपोर्ट थोडक्यात द्यायचा, पाल्हाळ लावायचे नाही. “काका, सगळं तर लिहिलंय, आता आणखी काय लिहू?” हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्या सहा ओळींपैकी प्रत्येक ओळीला ‘का’ विचारायचे आणि त्याचे उत्तर उदाहरणासह पुढच्या चार वाक्यांत लिहायचे, अशी रीत आम्ही ठरवली आणि पुढचे स्वाध्याय पानभर होऊ लागले. हे शिकवणारा माणूस प्रत्येक जवानाला मिळेलच असे नाही. सैनिकांसाठी पदवी आखताना लेखनाचा एखादा छोटा पूर्वतयारी वर्ग जोडला असता, तर अनुत्तीर्ण होण्याचे निम्मे प्रसंग टळले असते, असे मला वाटते.

भाषेचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. इग्नूच्या पदवी अभ्यासक्रमांचे माध्यम प्रामुख्याने हिंदी आणि इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा सैन्यात गेल्यावर बोलण्यापुरती हिंदी झपाट्याने उचलतो, पण बराकीत, बाजारात आणि परेड मैदानावर ऐकलेली हिंदी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उपयोगी पडत नाही. ‘संप्रभुता’, ‘अधिकारिता’ असे शब्द त्याला नव्यानेच भेटतात. मराठीतूनच लिहायचे असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा सरळ पर्याय आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते यशवंतराव १९६२ नंतरच्या कठीण काळात देशाचे संरक्षणमंत्री होते, त्यामुळे सैनिकाने तिथे शिकण्यात एक औचित्यही आहे. पण देशभर बदली होणाऱ्याला इग्नूची परीक्षा केंद्रे जिथे तिथे सापडतात आणि परीक्षेचा अर्ज भरताना सोयीचे केंद्र निवडता येते, हा फायदा कोणत्याही राज्य विद्यापीठाला देता येणार नाही. म्हणून मी मुलांना इग्नूच सुचवतो आणि सोबत एखादे हिंदी दैनिक रोज मोठ्याने वाचायला सांगतो.

पाठबळाची यंत्रणा कागदावर भक्कम आहे. सैन्याच्या आणि नौदलाच्या विद्यार्थ्यांसाठी इग्नूची स्वतंत्र मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्रे आहेत, आणि सैन्यात १९२१ पासून शिक्षणासाठी वेगळी कोअरच आहे, जिचे प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. युनिटमधील एज्युकेशनचा जेसीओ (कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) किंवा हवालदार मनावर घेणारा असला, तर प्रवेशाचा अर्ज, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि परीक्षेसाठीची रजा या तिन्ही गोष्टी सुरळीत होतात. तो कामाच्या ओझ्याखाली दबलेला असला, तर तोच मुलगा तशाच दुसऱ्या युनिटमध्ये वर्षभर मागे पडतो. अग्निवीराला वर्षाला ३० दिवसांची रजा आहे, जी नियमित जवानाच्या रजेच्या मानाने फारच थोडी आहे, आणि सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. घरचे लग्नकार्य, पेरणी आणि परीक्षा यांत रजा कशी वाटायची, हे गणित त्याला पाठ्यपुस्तकातील गणिताआधी सोडवावे लागते.

एक अडचण तर शहरातल्या माणसाच्या ध्यानातही येणार नाही. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे श्रेयांक जमा होणारे ऑनलाइन खाते आणि डेब-आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो, आणि या प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर ओटीपी येतो. महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. साताऱ्यात घेतलेल्या प्रीपेड क्रमांकावर आधार जोडलेला आणि पोस्टिंग बारामुल्लाला, अशी स्थिती असेल, तर मुलाचे सिमकार्ड खिशात मुके पडून राहते आणि प्रवेशाची मुदत निघून जाते. उपाय सोपा आहे: भरतीला जाण्यापूर्वी क्रमांक पोस्टपेड करून घ्यावा आणि आधारवरील नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्यावे. हे काम गावात तासाभराचे आहे, सीमेवरून मात्र महिने लागतात.

दलालांविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या भागातील एका मार्गदर्शन केंद्राने एका अग्निवीराच्या वडिलांकडून प्रवेशशुल्काच्या कितीतरी पट रक्कम घेतली आणि त्या बदल्यात तयार स्वाध्याय आणि ‘पास करून देण्याची हमी’ दिली. मुलाच्या नावाने गेलेले स्वाध्याय आणखी कित्येकांच्या स्वाध्यायांशी शब्दशः जुळणारे होते, आणि परीक्षेत तर त्याला स्वतःलाच बसायचे होते. सेवानिधीची बातमी गावात सर्वांना असते, त्यामुळे असे लोक बरोबर दार ठोठावतात. इग्नूच्या प्रवेशाला मध्यस्थाची काहीही गरज नाही. अर्ज ऑनलाइन असतो आणि शुल्क थेट विद्यापीठाकडे भरायचे असते.

आता या पदवीच्या मर्यादा. निम्मे श्रेयांक प्रशिक्षणाचे असल्यामुळे एखाद्या विषयाचा खोलवर अभ्यास या तीन वर्षांत होत नाही. शिक्षक व्हायचे असेल किंवा पदवीला तोच विषय असण्याची अट घालणाऱ्या विद्यापीठात एम.ए. करायचे असेल, तर इग्नूची सर्वसाधारण बी.ए. किंवा परतल्यानंतरचे नियमित महाविद्यालय अधिक बरे. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो अशा स्पर्धा परीक्षा आणि बँकांच्या भरतीसाठी मात्र ही पदवी पुरेशी आहे, आणि इग्नूच्याच एम.ए. इतिहास किंवा लोकप्रशासनाला कोणत्याही पदवीधराला प्रवेश आहे. ज्यांना तहसील आणि जिल्हा परिषदेच्या परीक्षांकडे वळायचे आहे, त्यांनी लोकप्रशासन आणि राज्यशास्त्र हे विषय घ्यावेत. अभ्यास एकदाच होतो आणि उपयोग दोनदा.

अमेरिकेत २००९ पासून लागू असलेल्या योजनेत ३६ महिने सक्रिय सेवा झालेल्या सैनिकाला ३६ महिन्यांपर्यंत सरकारी विद्यापीठाचे पूर्ण शुल्क, घरभाड्याचा मासिक भत्ता आणि पुस्तकांसाठी वेगळी रक्कम मिळते. तो सेवा संपवून पूर्णवेळ वर्गात बसतो. आपल्या योजनेत शिकणे आणि पहारा एकाच वेळी चालतात. जवानाने चार वर्षे संपल्यावर सेवानिधीतून घर बांधावे, गाडी घ्यावी की वर्षभर पूर्णवेळ शिकावे, हा निर्णय त्याच्या एकट्याच्या अंगावर येतो, आणि घर व गाडी यांच्या बाजूने बोलणारी माणसे घरात नेहमीच जास्त असतात.

ज्यांचा प्रवेश झाला आहे, त्यांनी प्रत्येक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र निघताच त्याची छायाप्रत घरी पाठवावी आणि प्रत्येक शैक्षणिक पात्रतेची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीत ती चढवणारा अधिकृत आदेश, निघाली आहे की नाही, हे युनिटच्या क्लार्ककडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. सेवा संपल्यानंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून जुनी नोंद दुरुस्त करून घेणे शक्य असते, पण भरतीची जाहिरात त्या पत्राच्या उत्तरासाठी थांबत नाही.