युरिया मुरवलेला पेंढा की ऐन वेळी शिंपलेला?

भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड यात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के. कोठीपोटातल्या (गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) जीवाणूंना नीट काम करायला चाऱ्यात साधारण ७ टक्के तरी लागतात. ती तूट असली की पेंढा पोटात पडून राहतो आणि समोर गव्हाण भरलेली असूनही गाय तोंड फिरवते. युरियाने ही तूट भरता येते, पण त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीची मात्रा दुसरीला लावली तर जनावर दगावू शकतं.

मुरवण्यासाठी १०० किलो कोरडा पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळवायचा. पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर झारीने द्रावण, मग पायाने दाबायचं आणि पुढचा थर. शेवटी प्लास्टिकचा कागद टाकून कडा मातीने बुजवायच्या. उष्ण हवेत २१ दिवस, थंडीत ४ आठवडे किंवा जास्त. आत युरियाचा अमोनिया होतो आणि तो काडीचा कठीण सांगाडा सैल करतो. म्हणजे इथे पेंढाच बदलतो: जास्त पचतो, मऊ पडतो, गाय जास्त खाते. प्रथिनं ७-८ टक्क्यांवर जातात. बराचसा अमोनिया हवेत उडतो, हे नुकसान धरूनच चालायचं.

उघडल्यावर रंग सोनेरी-तपकिरी आणि नाकाला झोंबणारा वास हवा. वास नसेल, काळी-पांढरी बुरशी असेल तर कागद कुठेतरी फाटलेला होता. तो भाग फेकायचा. रोजचा वाटा एका टोकाने काढून काही तास पसरून ठेवायचा, मगच गव्हाणीत. पहिले ८-१० दिवस साध्या पेंढ्यात मिसळून सवय लावायची.

शिंपण्याचं काम सोपं: १०० किलो पेंढ्याला १ ते २ किलो युरिया, १० किलो मळी (साखर कारखान्यातली काकवीसारखी पातळ), १ किलो क्षार मिश्रण, पुरेसं पाणी, कालवून लगेच खायला. इथे पेंढा आहे तसाच राहतो, फक्त जीवाणूंना नायट्रोजन आणि साखर मिळते. वाट पाहायला नको, कागद नको. धोका मात्र इथेच जास्त. न विरघळलेला खडा किंवा गव्हाणीच्या तळाशी साचलेलं द्रावण उपाशी गाईने ओढलं की थरथर, लाळ, पोटफुगी, झोकांड्या. डॉक्टर येईपर्यंत मोठ्या गाईला २ ते ४ लिटर व्हिनेगर आणि थंड पाणी पाजतात.

मळी शिंपतानाच वापरायची, मुरवताना नको. साखर आणि अमोनिया उष्णतेत एकत्र आले की जनावराला बेफाम करणारं विषारी द्रव्य बनू शकतं, आणि ते दुधातून वासरालाही पोचतं. त्याच कारणाने, म्हणजे त्यातल्या साखरेमुळे, चांगलं वाळवलेलं हिरवं गवत कधी मुरवायचं नाही.

पेंढा भरपूर, तीन आठवडे हाताशी आणि हवाबंद करायची सोय असेल तर मुरवणंच घ्यावं. चारा आजच संपत आला असेल किंवा एक-दोनच गाई असतील तर शिंपणं. सहा महिन्यांखालच्या वासरांना दोन्ही नको, त्यांचं कोठीपोट तयार नसतं. जास्त दुधाच्या गाईचा खुराक या भरवशावर तोडू नये. पेंढ्यात जीवनसत्त्व अ जवळपास नसतंच, थोडी हिरवी वैरण लागतेच. खरा फायदा भाकड आणि मध्यम दुधाच्या गाईंना.