ॲटम नेटबुकवर डेबियन १२: अकरा महिन्यांनंतर

ऑगस्ट २०२५मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीची १३वी आवृत्ती आली. नवं इन्स्टॉल करावं म्हणून शोधायला गेलो, तर ३२-बिटचा (म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठीचा) इन्स्टॉलरच नाही, कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभाही नाही. ६४-बिट मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवायला लागतात तेवढीच पॅकेजेस ठेवलीत. म्हणजे माझ्या २००९च्या नेटबुकला (प्रोसेसर ॲटम एन२७०, फक्त ३२-बिट, जास्त काय सांगायचं) दार बंद.

जाम चिडलो. त्यात दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, भंगारात द्या, पाचशे येतील." पाचशे! जानेवारीत नुसती बॅटरी अठराशेची घातलीय.

आता खरं दुखणं. स्क्रीनची उंची ६०० पिक्सेल. लिब्रेऑफिसमध्ये सोसायटीच्या पावत्या छापायला गेलं की प्रिंटच्या खिडकीचं बटण स्क्रीनच्या खाली, दिसतच नाही. चार महिने मी टॅब मोजून एंटर मारत होतो. सात टॅब म्हणजे प्रिंट, आठवा पडला की कॅन्सल. एकदा मध्येच फोन आला, मोजणी चुकली आणि त्याच त्या पावत्या दोनदा छापल्या गेल्या. कागद फुकट येतो का? मग कळलं की एक्सएफसीईत (माझ्या डेबियनचा हलका डेस्कटॉप) ऑल्ट दाबून माउसने खिडकी कुठूनही धरून वर ढकलता येते. हे कोणी आधी का सांगत नाही?

बाकी ठीक. रॅम २ जीबी केली, एसएसडी टाकली. हिशेब, पत्रं, पीडीएफ चालतात. व्हिडिओचं नाव काढू नका.

दिवाळीपर्यंत मी डेबियनवाल्यांना शिव्याच घालत होतो. मग फायरफॉक्सनेही १४५पासून ३२-बिट लिनक्स सोडलं (ईएसआर, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती, तिचं १४० अजून चालतं, बँकेचं पान मात्र रडतखडत उघडतं) आणि जरा विचार केला. एवढा अवाढव्य ब्राउझर ३२-बिटला वापरता येणाऱ्या ४ जीबी मेमरीत तयार (बिल्ड) करायचा, वर प्रत्येक अपडेटनंतर असलंच जुनं यंत्र घेऊन कोणीतरी तपासत बसायचं. कोणी? अकरा महिन्यांत मी स्वतः एक बग कळवलेला नाही. ते प्रिंटचं बटणसुद्धा नाही. तेव्हा निर्णय बरोबर आहे, राग आला तरी.

डेबियन १२ला सुरक्षेचे अपडेट जून २०२८पर्यंत आहेत. बॅटरी तोवर टिकली, तर अठराशे वसूल.