विंचवाचं बिऱ्हाड की एकच मुक्काम? जपानमधले हिवाळ्याअखेरचे तीन आठवडे

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जपानला जायचं एकदा पक्कं झालं की डोकं खाणारा प्रश्न एकच उरतो. देशभर फिरत राहायचं, की एका शहरात घर घेऊन तिथून जाऊन-येऊन करायचं? आम्ही दोघांनी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्या खेपेला २१ दिवसांत नऊ मुक्काम, दुसऱ्या खेपेला तेवढेच दिवस क्योतोत एकच घर.

फिरस्तीच्या बाजूनं जे बोलायचं ते आधी मोकळेपणानं बोलून टाकतो. या दिवसांत जपान एका ऋतूत नसतोच. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या अबाशिरीला समुद्रावर बर्फाच्या लाद्या तरंगत असतात, आणि त्याच आठवड्यात इझू द्वीपकल्पातल्या कावाझूत लवकर फुलणाऱ्या चेरीला गडद गुलाबी बहर आलेला असतो. झाओच्या डोंगरावर बर्फानं लिंपून भुतांसारखी उभी राहिलेली झाडं आम्ही पाहिली आणि चौथ्या दिवशी कावाझूच्या नदीकाठी स्वेटर काढून हातात घेतला. एका जागी बसून हे मिळत नाही. तुमची ही पहिली आणि बहुधा शेवटची जपानवारी असेल, तर इथंच वाचन थांबवून नकाशा उघडलात तरी माझी हरकत नाही.

पैशांचं गणित पूर्वी फिरस्तीकडे झुकायचं, आता तसं राहिलं नाही. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. तेवढी किंमत वसूल करायची तर रोज गाडीत बसायला हवं, आणि मग आपण पासासाठी फिरतोय की पास आपल्यासाठी, हेच कळेनासं होतं.

पण माझा कौल पैशांवरून ठरला नाही. तो ठरला अकरा ते तीन या वेळेवरून.

जपानमध्ये खोली सोडायची सकाळी दहाला, फार तर अकराला. पुढची खोली मिळणार दुपारी तीनला. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, आम्हालाही ठाऊक होती. वाटलं, सामान काउंटरवर ठेवू आणि गाव बघू. उन्हाळ्यात जमतंही. हिवाळ्याअखेरीस बर्फ धड पडत नाही आणि धड वितळतही नाही, रस्त्यावर नुसता राडा असतो. ताकायामात आम्ही पोचलो तेव्हा भुरभुर बर्फमिश्रित पाऊस होता. तासाभरात बुटांत पाणी गेलं. कोरडे मोजे बॅगेत, बॅग हॉटेलच्या मागच्या खोलीत. शेवटी लॉबीत येऊन बसलो. आमच्या खोलीची चावी काउंटरवर समोर दिसत होती. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं. काउंटरवरच्या मुलीनं कमरेतून वाकून, मनापासून दिलगिरी व्यक्त करून तीन बोटं दाखवली. वीस मिनिटं आम्ही ओल्या मोज्यांत चावीकडे बघत बसलो. ठीक तीनला ती पुन्हा वाकली आणि चावी पुढे केली. तिची काहीच चूक नव्हती, म्हणून तर राग काढायलाही कोणी नव्हतं.

हे एकदा घडलं असतं तर गंमत म्हणून सांगितलं असतं. आठ वेळा बिऱ्हाड हललं, आठही वेळा थोड्याफार फरकानं हेच झालं. त्यात फेब्रुवारीअखेरीस सहाच्या आत अंधारतं आणि बहुतेक देवळं साडेचार-पाचला दारं लावतात. तीनला खोली, साडेतीनला चहा, की दिवस संपला. मुक्काम बदलायचा दिवस मी आता सुट्टीत धरतच नाही.

यावर जाणकार म्हणतील, सामान पुढे पाठवून द्या की. ताक्क्यूबिनची, म्हणजे सामान घरपोच पोचवणाऱ्या सेवेची, सोय खरंच उत्तम आहे, बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन जातात. पण बॅग सहसा दुसऱ्या दिवशी पोचते, तेव्हा एका रात्रीचा संसार पाठीवर घ्यावाच लागतो, आणि थंडीतला एका रात्रीचा संसार म्हणजेही बऱ्यापैकी गाठोडं. बॅग सोबत न्यायची तर आणखी एक भानगड: तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू मार्गांवरच्या शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बॅगेसाठी ठरावीक जागा आधी राखून ठेवावी लागते. टेप घेऊन बॅगा मोजणं हा आमच्या तयारीचा भाग होता.

क्योतोतलं घर म्हणजे सुखाचा सागर, असं मात्र नाही. तिथल्या थंडीला खास शब्द आहे, सोकोबिए. जमिनीतून वर चढणारी थंडी. आमच्या जुन्या लाकडी घरात एसी डोक्यावर गरम वारा सोडायचा आणि तळपाय मात्र गारठलेले. जेवणाच्या टेबलाखाली पाय पांघरुणात गुंडाळून बसायचो. शिवाय आळस चढतो. दोन दिवस आम्ही कपडे धुणं आणि बाजार याशिवाय काही केलं नाही. कानाझावासाठी मार्च २०२४ पासून त्सुरुगाला गाडी बदलावी लागते, त्यामुळे तिथल्या केन्रोकुएन बागेतली दोऱ्यांनी सावरून धरलेली पाइनची झाडं बघायला एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण दमछाक होते.

तरीही नाराला पाऊण तासात, ओसाकाला अर्ध्या तासात, हिमेजीला दीड तासात, तेही साध्या गाडीनं आणि हात हलवत जाता येतं, ही चैन वेगळीच. आणि मुख्य म्हणजे फसलेला दिवस परत मिळतो. नाराच्या तोदाइजी मंदिरात १ ते १४ मार्च ओमिझुतोरी हे धार्मिक अनुष्ठान असतं, इ.स. ७५२ पासून एकही वर्ष खंड न पडता चालत आलेलं. रात्री तिथल्या निगात्सुदो या वास्तूच्या उंच सज्जातून मंदिराचे सेवेकरी पेटते पलिते घेऊन धावतात आणि ठिणग्या खालच्या गर्दीवर पडतात. अंगावर पडली तर शुभ. पहिल्या दिवशी आम्ही उशिरा पोचलो आणि छत्र्यांच्या मागे उभे राहून फक्त उजेड पाहिला. चार दिवसांनी पाऊस थांबल्यावर दुपारीच जाऊन जागा धरली. बायकोच्या टोपीवर ठिणगी पडली, बारीक भोक आहे अजून. आदल्या खेपेला शिराकावा-गो हे गाव धुक्यात गेलं ते गेलंच, कारण दुसऱ्या दिवशीचं तिकीट भलतीकडचं होतं.

ज्यांना बर्फ हवाच आहे त्यांनी, मला वाटतं, सुरुवातीचे चार-पाच दिवस उत्तरेत एकाच ठिकाणी काढावेत आणि मग खाली येऊन घर घ्यावं. दोन मुक्काम, एकच हलवाहलव. गरम पाण्याच्या झऱ्याची हौस असेल तर मधली एक रात्र जवळच्या पाठपिशवीत भागते, घर तसंच ठेवून. भाडं दुहेरी पडतं, पण ते मला कधी टोचलं नाही.

तारखा धरताना एक मात्र बघा. खासगी घरं पाहुण्यांना देण्याचा कायदा तिथं जून २०१८ मध्ये लागू झाला, आणि क्योतोनं त्यावर आपली कडी केली: निव्वळ राहत्या वस्तीत अशी घरं १५ जानेवारी ते १६ मार्च एवढ्याच काळात देता येतात. म्हणजे शाळेत जाणारी पोरं, सकाळी अंगण झाडणाऱ्या आजी, अशा गल्लीत राहायचं तर हेच दोन महिने. आम्ही १३ मार्चला निघालो. तिथून पुढचे आठ दिवस मागितले असते तर घरमालकिणीनं तीन बोटं दाखवली असती, यावेळी उरलेल्या दिवसांची.