ब्लोअरची लोकल मोटर: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, साधा मॅन्युअल एसी, ब्लोअरला (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) चार स्पीड. गेल्या मे महिन्यात मूळ मोटर काढून नाना पेठेतून आणलेली लोकल मोटर बसवली. त्यानंतर गाडीने पुण्याचं ट्रॅफिक, ताम्हिणीचा पाऊस आणि यंदाचा उन्हाळा असं सगळं पाहिलं, म्हणून आता लिहितोय. मोटर चांगली निघाली. पण ब्लोअर आवाज करतो म्हणजे मोटर गेलीच, असं दर वेळी नसतं.

माझ्या गाडीत दोन आवाज एकमेकांत मिसळले होते. एक टकटक, स्पीड वाढवला की तीही भरभर व्हायची. दुसरी बारीक कुरकुर, सकाळी गाडी थंड असताना पहिल्या-दुसऱ्या स्पीडवर यायची आणि थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायची. वळणावर आणि खड्ड्यातून जाताना ती मध्येच परत डोकं वर काढायची.

एका एसीवाल्याने हे ऐकून थेट डॅशबोर्ड उतरवायचा सल्ला दिला. कूलिंग कॉइलही धुवून घेऊ, म्हणाला. माझं कूलिंग उत्तम होतं, कॉइलचा इथे काही संबंध नव्हता. बहुतेक छोट्या गाड्यांत ब्लोअरची मोटर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे-खाली असते आणि तीन स्क्रू नि एक कपलर (वायरचा प्लग) काढला की पंख्यासकट खाली येते. डॅशबोर्डला हात लावावा लागत नाही. मी घरीच काढली.

त्याआधी आवाज कुठून येतो ते बघून घ्यावं. गाडी थंड असताना इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करायची आणि ब्लोअर एक ते चार फिरवायचा. तरीही आवाज आला तर बेल्ट, कॉम्प्रेसर वगैरे बाद झाले. मग केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) काढून पुन्हा ऐकायचं. हवेचा घुसमटलेला आवाज मोकळा झाला आणि झोत वाढला, तर फिल्टर बदला नि विषय संपवा. टकटक स्पीडबरोबर वाढत असेल तर पंख्याच्या पिंजऱ्यात काहीतरी अडकलंय. कमी स्पीडची कुरकुर बहुतेक वेळा कोरड्या बुशची असते, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्याची. आणि हवेची दिशा बदलताना किंवा रीसर्क्युलेशनचं बटण दाबल्यावरच टकटक होत असेल, तर ती आतल्या झडपेची. मोटर बदलून ती जाणार नाही.

माझ्या पिंजऱ्यात निघाला गुलमोहर. गाडी वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असते आणि त्याची ती बारीक पानं समोरच्या काचेखालच्या काळ्या जाळीतून सहज आत जातात. जुन्या टूथब्रशने पाती साफ केली, टकटक गेली. साफ करताना एक सांभाळा: पात्यांवर कुठेतरी छोटी धातूची क्लिप असेल तर ती कचरा समजून काढू नका. पंख्याचा तोल साधण्यासाठी ती कारखान्यातच लावलेली असते. ती निघाली की पंखा थरथरतो आणि बरा असलेला बुशही खराब होतो.

कुरकुरीवर आधी तेल घालून बघितलं. हे बुश सच्छिद्र धातूचे असतात, वंगण त्यांच्या छिद्रांतच मुरलेलं असतं. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर उरलंसुरलं वंगणही धुऊन जातं, म्हणून शिलाई मशीनचं तेल, तेही दोन थेंब. काही आठवडे शांतता होती, मग आवाज परत. पंख्याकडच्या बुशपर्यंत तेल पोचतं, दुसरा बुश मोटरच्या डब्यात बंद असतो. तेल हा फार तर पुढचा पगार होईपर्यंतचा उपाय.

नवी मोटर पंख्यासकट दीड हजाराच्या आसपास पडली. ओरिजिनल दुपटीहून जास्त सांगत होते. कंपनीचं नाव देण्यात अर्थ नाही, एकच माल वेगवेगळ्या डब्यांत येतो. दुकानातच बॅटरी लावून फिरवून बघितली आणि जुन्या मोटरशी दिशा ताडली. उलट फिरणारा पंखाही हवा फेकतो, पण अगदी मेंगळट, आणि मग माणूस एसीच्या गॅसवर संशय घेत बसतो. जुन्या मोटरला एक छोटी रबरी नळी होती, मोटर थंड ठेवणारी. लोकल मोटरसोबत ती मिळाली नाही, जुनीच लावली.

सुरुवातीला तिसऱ्या स्पीडला बारीक थरथर होती. जुनं रबरी पॅकिंग चपटं झालं होतं. त्या जागी फोमची पट्टी लावली, थरथर थांबली. चौथ्या स्पीडला हवेचा आवाज मूळ मोटरपेक्षा किंचित जास्त आहे, तो तसाच राहिलाय. कुरकुर मात्र एकदाही आली नाही. खरा फायदा पावसात कळला. ताम्हिणीत काचा धूसर झाल्या की बाहेरची हवा घेऊन दुसऱ्या स्पीडवर ब्लोअर सतत ठेवता येतो, आणि मागच्या सीटवरच्याशी बोलताना ओरडावं लागत नाही.

मोटर काढली असेल तेव्हा कपलरही तपासा. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. माझ्या कपलरची एक पिन तपकिरी पडून प्लॅस्टिक मऊ झालं होतं, तो तेव्हाच बदलला. गॅरेजवाले ज्याला ‘रेझिस्टन्स’ म्हणतात तो कमी स्पीड देणारा भागही याच त्रासाने जळतो, आणि मग फक्त चौथा स्पीड चालतो. तो हवेच्या झोतात बसवलेला असतो, झोतानेच थंड राहतो, त्यामुळे तुंबलेला फिल्टर त्याच्याही मुळावर येतो. उन्हाळा संपताना फिल्टर काढला तर मेट्रोच्या कामांची धूळ त्यात थरांनी बसली होती. कॉम्प्रेसरच्या हवेने झाडून तोच लावण्यापेक्षा नवा घेतला, कारण जोराच्या हवेने कागद फाटतो.

काचेखालच्या जाळीला आतून आणखी एक जाळी लावली आहे, डासांच्या जाळीपेक्षा जाड छिद्रांची. पाला अडतो, पण आठवड्याला हाताने काढावा लागतो. नाहीतर पाणी जायची वाट बुजते आणि डाव्या बाजूचं कार्पेट भिजतं. ज्याला एवढं जमणार नाही त्याने लावू नये.

आता उरलाय तो एकच आवाज, हवा पायांकडे वळवताना होणारी झडपेची टिकटिक. त्याला मात्र खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आणि तेवढ्यासाठी मी तो उतरवणार नाही.